लॅमिनेशन केलेली चिठ्ठी

हणमंता, तू सांगू नको म्हणाला होतास, ते मी वहिनींना सांगून आलो. तुझ्या तेराव्याला अजून आठवडा झाला नाही आणि मी तुला दिलेला शब्द मोडला. त्याचं मला वाईट वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. ती तुझ्या तोंडावर कबूल करायची राहून गेली, म्हणून हे लिहायला बसलोय.

गावच्या ग्रुपवर तुझा फोटो फिरला तेव्हा सगळे मला म्हणाले, रवी, तू त्याचा लहानपणचा दोस्त, चार ओळी लिही. मी लिहिल्या. 'मनमिळाऊ, कष्टाळू आणि सर्वांच्या मदतीला धावून जाणारा आमचा हणमंत.' तू आणि मनमिळाऊ! सणसरच्या चौकात पिकअप आडवी लावून तू ज्यांच्याशी भांडलास, त्यातले निम्मे त्या पोस्टखाली हात जोडत होते. मी फोन उलटा करून ठेवून दिला. लिहिलं ते अगदीच खोटं नव्हतं, पण जे लिहायला हवं होतं ते त्यात नव्हतं.

सातवीत तू मला कॅनॉलमध्ये ढकललं होतंस. मला पोहायला येत नाही म्हणून मी काठावर बसून कपडे सांभाळायचो, आणि तुला ते बघवत नव्हतं. मी दोनदा खाली गेलो, नाकातोंडात पाणी गेलं, मग तूच उडी मारून माझे केस धरून मला वर काढलंस. त्यानंतर वर्षानुवर्षं तुझं एकच पालुपद. "क्यासं धरून काढलाय तुला, टकल्या झालास तरी इसरू नगंस." टक्कल पडलंच. विसरलो नाही, गड्या.

आई मोरीत पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तू कळसहून डाळिंबं भरून पुण्याला निघाला होतास. फोन गेल्याबरोबर गाडी वळवलीस, सगळे क्रेट आमच्या दारात उतरवलेस, पोत्यांवर गादी टाकून आईला निजवलंस, आणि सणसरपासून बारामतीपर्यंत बैलगाडीच्या वेगानं आलास. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना खिडकीतून हात काढून शिव्या घालत होतास. आई तेवढ्या दुखण्यातही म्हणाली, "हणम्या, त्वांड आवर." तू म्हणालास, "काकू, तुमी झोपा, ह्ये माझं ड्रायव्हिंग हाय." आई अजून ते सांगते. तुझ्यासाठी ती रडली तशी स्वतःच्या भावासाठीही रडली नव्हती.

आता माझं संस्थेतलं काम बघ. ट्रकतळावर जायचं, मजुरांच्या अड्ड्यावर जायचं, जिथं चांगल्या घरचा माणूस थांबत नाही तिथं थांबायचं. लोकांशी बोलायचं, बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं आणि एचआयव्ही आहे का ते बघायचं. वेळेत कळलं तर गोळ्या मिळतात, माणूस संसार करून म्हातारा होतो. कळलं नाही तर आतल्या आत पोखरला जातो आणि ज्यांच्याजवळ जातो त्यांनाही देतो. हे मी दिवसातून दहा वेळा म्हणतो. झोपेत विचारलंस तरी म्हणेन.

आणि तू मला सांगितलंस तेव्हा मी काय म्हणालो?

उन्हाळ्याची दुपार होती. कॅनॉलच्या कडेला लिंबाखाली गाडी लावली होती. तू पेरू कापून फोडींना मीठ लावत होतास. मान वर न करता म्हणालास, "रव्या, माझं पुन्यात एक हाय."

"कोण बाई?" मी हसत विचारलं.

"बाई न्हाय. मार्केटात हमाली करतो."

मी हातातली फोड खाली ठेवली. मग म्हणालो, "गप. पोरगी हाय घरात तुझ्या. ह्ये परत माझ्याम्होरं काढू नगंस."

तू चाकू पँटीला पुसलास, गाडी चालू केलीस आणि बारामती येईपर्यंत टेपचा आवाज मोठा ठेवलास. त्यानंतर कधी तो विषय काढला नाहीस. माझ्या घरी भिंतीवर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लावलंय. त्या प्रशिक्षणात आम्हाला तीन दिवस हेच शिकवलं होतं, की समोरचा काय सांगतोय ते ऐकायचं, तोंड वाकडं करायचं नाही, नावं ठेवायची नाहीत, पुरुष पुरुषाकडं जातो असं कुणी म्हणालं तर फक्त विचारायचं की तपासणी केलीय का. परक्या माणसाशी मी हे सगळं चोख करतो. मला बक्षीससुद्धा मिळालंय. तू परका नव्हतास, एवढंच तुझं चुकलं.

मग तो ट्रकतळावरचा तपासणीचा मांडव. इंदापूरजवळ, हायवेच्या कडेला. सकाळी अकरापर्यंत एक ड्रायव्हर खुर्चीवर बसायला तयार नव्हता. सगळे चहा पीत लांब उभे, एकमेकांना कोपरानं ढोसत होते. तेवढ्यात तू रिकामी गाडी घेऊन आलास, आणि मला वाटलं, देवच पावला. मी मोठ्यानं हाक मारली. "हणमंता, ये, तू बस आधी. तू बसलास म्हंजी ही मंडळी बसतील."

मला काय माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण त्या क्षणी मला तू दिसत नव्हतास, रिकामी खुर्ची दिसत होती.

तू आलास, बसलास, आणि टेबलावर वाकून हळूच म्हणालास, "रव्या, नगं. ह्या लोकांम्होरं नगं." तुझ्या कपाळाला घाम होता. मागं दहा-बारा जण बघत उभे. तू उठून गेलास तर तळावर बोभाटा होणार, आणि माझा मांडवही उठणार. मी म्हणालो, "हात हितं ठेव, हलवू नगंस." तुझा हात टेबलावर पिशवीआड ठेवला, माझा डावा हात टेबलाखाली नेला आणि माझ्याच बोटात सुई टोचली. रक्ताचा थेंब माझा. निकालाच्या चिठ्ठीवर नाव तुझं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बघा, मुंगी चावल्यागत. झालंसुदा."

वीसेक जण बसले त्या दिवशी. तुझ्यामुळं बसले. त्यातल्या एकाची तपासणी दोन रेघांची निघाली. एक रेघ आली तर काही नाही, दोन आल्या तर पुढं पाठवायचं. तो आता गोळ्या खातो, गाडी चालवतो, पार गुबगुबीत झालाय. परवा भेटला तर तुझी चौकशी करत होता. "तुमचा त्यो दोस्त बसला म्हनून मी बसलो," म्हणाला. मला त्याच्याकडं बघवेना.

तुझी एक रेघ आली, म्हणजे माझी. मी चिठ्ठी लिहिली, सही केली, तुझ्या खिशात कोंबली आणि कानात म्हणालो, "फाडून टाक. आपण दोघं निवांत करू कधीतरी." तू हसलास. किती सुटल्यासारखा हसलास, हणमंता. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ती चिठ्ठी तू फाडणार नाहीस.

फाडली नाहीसच. गाडीची कागदं ठेवायची तुझी ती प्लास्टिकची फाइल, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, त्यात तीही गेली. पुढच्या महिन्यात बघतो तर लॅमिनेशन करून आणलेली. मी म्हणालो, "येडा का रं तू?" तू म्हणालास, "पावसाळ्यात कागद भिजत्यात." आणि मी त्यावर हसलो. आठवड्यातून दोनदा तुझ्या शेजारी बसून बारामतीला जायचो, मांडीवर माझी पिशवी, पिशवीत तपासणीचं सगळं सामान. वीस मिनिटांचं काम होतं. दीड वर्षात तेवढी वीस मिनिटं मला सापडली नाहीत. सापडली नाहीत असं तरी कसं म्हणू. मीच तो विषय काढू नको म्हणालो होतो, तर मीच कसा काढणार, असं मनात होतं. माझा मोठेपणा आड आला.

तुला ताप यायला लागला. आधी टायफॉइड म्हणाले, मग काविळीचं औषध झालं. तोंड आलं, जेवण जाईना, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. तुझ्या अंगावरचे ते बदल मी इतरांच्या अंगावर ओळखतो, हणमंता. तेच तर माझं काम आहे. तरी मी तुला घेऊन बारामतीत डॉक्टरकडं गेलो तेव्हा गप्प बसून होतो. डॉक्टरांनी सगळं विचारलं आणि शांतपणे म्हणाले, "एचआयव्हीची तपासणी करून घेऊ या." बरोबर बोलला तो माणूस. तू फाइलमधून ती चिठ्ठी काढलीस आणि टेबलावर ठेवलीस. त्यांनी खालची सही वाचली, माझ्याकडं बघितलं.

"तुम्हीच केली होती का ही?"

तू माझ्याकडं बघत होतास. दारात उभी असलेली नर्स आपल्याच गावची होती.

मी म्हणालो, "हो."

एवढंच. मांडवात केलं ते घाईत केलं असं एखाद्या वेळी म्हणता येईल. हे घाईत नव्हतं. खुर्चीत नीट बसून, पंखा चालू असताना, मी हो म्हणालो. डॉक्टरांनी दुसऱ्या तपासण्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर मी तुला म्हणालो, एचआयव्हीची आपण दोघं उद्या करू, नक्की. तू म्हणालास, "उद्या माल हाय कळसचा. रविवारी." रविवारी माझ्या मेव्हणीच्या घरची वास्तुशांत होती. मी गेलो. जिलेबी होती, दोनदा घेतली.

श्वास लागला म्हणून तुला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं त्यांनी कुठल्याच चिठ्ठीवर विश्वास ठेवला नाही, स्वतः रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी तुला कळलं. मी आलो तेव्हा तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास आणि म्हणालास, "रव्या, तुझं रगत लई चांगलं निगालं रं." तू हसायला गेलास आणि खोकला आला. मी तुझा हात धरला. माफी मागायची होती, पण तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि तू घाईघाईनं म्हणालास, "सुरेखाला सांगू नगंस." मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी तू गेलास. गावात सगळ्यांना न्युमोनिया माहीत आहे. तेही खोटं नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. तुला हे ऐकून हसू येईल, पण आम्ही तासभर नदीकाठी उभे होतो. तुझे आबा म्हणाले, पोरीचं शिक्षण करू, शिवला नाही. चुलत्यांनी गाडीचं बोलून बघितलं, कुणी बांधाचं बोललं. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, म्हणाले, रवी, तुझ्यात त्याचा जीव होता, तू बोल काहीतरी. तुला काय ऐकायचं होतं ते त्या काठावर मला एकट्याला माहीत होतं. 'सुरेखाला सांगणार नाही' एवढं मनातल्या मनात म्हणालो असतो तरी चाललं असतं. नाही म्हणालो. शेवटी दर्भाचा कावळा केला.

तिथंच, गर्दीपासून लांब, एक माणूस चप्पल हातात घेऊन उभा होता. निळा शर्ट, रुंद खांदे. कुणी ओळखीचं नव्हतं त्याच्या, कुणी त्याला पाणीही विचारलं नव्हतं. मी ओळखलं. जवळ गेलो आणि नाव वगैरे काही न विचारता म्हणालो, "तुम्ही तपासणी केलीय का?"

तो दचकला. मग म्हणाला, "त्याची झाली होती ना. मी मागं लागलो होतो, दोघंबी करू म्हणून. त्यानं चिठ्ठी दाखवली मला. म्हणाला, माझं चांगलंय, म्हणजे तुझंबी चांगलंच असणार. निवांत राहा."

"ती चिठ्ठी खोटी आहे," मी म्हणालो. "रक्त माझं होतं. आजच्या आज जा."

त्यानं विचारलं, "तुम्ही रवी का?"

"हो."

"तो लई नाव घ्यायचा तुमचं," तो म्हणाला आणि चप्पल घालून रस्त्याकडं चालायला लागला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, जाऊन आलोय म्हणून. काय निघालं ते त्याचं आहे, इथं लिहीत नाही. पण त्या काठावर मला कळलं की ती चिठ्ठी नुसती फाइलमध्ये पडून नव्हती, ती माणसांना दाखवली जात होती, आणि प्रत्येक जण माझी सही बघून घरी जात होता.

मग मी तुझ्या घरी गेलो. दुपारची वेळ, तुझी गौरी शाळेत. वहिनी ओसरीवर मटकी निवडत होत्या. मी बसतोय तोवर त्याच बोलायला लागल्या.

"भावजी, भावकीतल्या बाया कायबाय बोलत्यात. ड्रायव्हर मानूस, पुन्याला जायचा, तसलाच आजार आसंल म्हनत्यात. म्या काय गप बसती व्हय." त्या उठल्या, तुझ्या फोटोच्या मागून चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढं धरली. "ह्ये दावलं एकेकीला. म्हनलं वाचा. सही कुनाची हाय बगा. आमच्या भावजींची हाय."

किती अभिमानानं म्हणाल्या, हणमंता.

मी सांगितलं. मांडव, टेबल, माझं बोट, डॉक्टर, सगळं. दवाखान्यात काय निघालं ते सांगितलं. मान वर करायचं धाडस नव्हतं, मटकीकडं बघत सांगितलं. त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली. मग विचारलं, "म्हंजी ह्ये रगत तुमचं?"

"माझं."

"मंग तुमी चांगलं हाव."

शिव्या दिल्या असत्या, सूप फेकून मारलं असतं, तर बरं झालं असतं. त्यांनी ते चेष्टेनंही म्हटलं नव्हतं, रागानंही नाही. नुसतं समजून घेतलं, कोण चांगलं आहे आणि कोण नाही ते.

"कुठनं आनलं त्येंनी?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, ते हणमंताचं होतं. ते मी सांगणार नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं त्यांना काहीतरी कळत असावं, बायकांना कळतं. पण परत विचारलं नाही. तुझं तेवढं माझ्याजवळ राहिलंय. त्या दिवशी पेरू खाताना ऐकून घेतलं असतं तर आज एवढं एकच राखायची वेळ आली नसती.

मग त्यांनी माझ्या पिशवीकडं बोट केलं. "हितं हाय का त्ये सामान?"

मी म्हणालो, मी नको वहिनी, उद्या सरकारी दवाखान्यात जाऊ, तिथं चांगल्या मॅडम आहेत. त्या म्हणाल्या, "न्हाय. तुमीच टोचा." पदराला हात पुसला, सूप बाजूला सारलं आणि हात माझ्यापुढं केला. "ह्या बारीला बोट माझं हाय. नीट बगून घ्या."

मी त्यांचं बोट पुसलं, सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. वीस मिनिटं आम्ही दोघं समोरासमोर बसलो. त्या मटकी निवडत राहिल्या. दुसरी रेघ आधी पुसट आली, मग भरली. मी जे सगळ्यांना सांगतो ते त्यांना सांगितलं, पहिल्यांदाच नीट सांगितलं, की ही पहिलीच तपासणी आहे, दवाखान्यात परत करतील, तेच निघालं तर गोळ्या सुरू होतील, रोज घ्यायच्या, तुम्ही जगणार आहात, गौरीचं लग्न बघणार आहात. त्या म्हणाल्या, "आन पोरगी?"

गौरीचं काही निघालं नाही. हे तुला आधी सांगायला हवं होतं, चुकलो. पोरगी चांगली आहे, हणमंता. वहिनींचं दवाखान्यात परत तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या आहेत. पहिल्या दिवशी मळमळलं, आता बरं आहे. मी आमच्या संस्थेच्या मॅडमना सगळं लिहून दिलं. त्यांनी पिशवी जमा करून घेतली. म्हणाल्या, चौकशी होईल. होऊ दे.

काल निघताना वहिनींनी ती चिठ्ठी माझ्या हातात दिली. "ह्ये न्या. फोटूमागं नगं आता." मी रस्त्यात, कॅनॉलच्या पुलावर थांबलो आणि ती फाडायला घेतली. दोन्ही हातांनी ओढली, पीळ दिला, शेवटी दातांत धरली. वाकली, पांढरी वळी पडली, तुझं नाव आणि माझी सही जशीच्या तशी. लॅमिनेशन केलंस ना लेका तू. फाटत नाही.